इस्तिफ्याचा कागद

"…आणि मथळ्याला 'इस्तिफा' हाच शब्द योग्य, नाही का, बाबा?"

एवढे विचारून सखाहरीने सहा पानांचा कागद पुढे केला.

मदारशा फकिराने हात मागे घेतले. पहाटेपासून तो आपल्या तकियाची, त्या लहानशा मठीची, खचलेली भिंत लिंपीत होता. कोपरापर्यंत चिखल वाळून पांढरा पडला होता.

"हात मळलेले आहेत. अशा हातांनी मी कागद घेत नाही."

"मग धुवा."

"रांजणातले सगळे पाणी भिंतीला गेले." फकिराने समोरच्या कोरड्या पाटाकडे पाहिले. "आज शेवटच्या शेताची पाळी ना? येईल पाणी. तोवर तुम्हीच वाचून दाखवा, पाटकरी."

"पाटकरी म्हणू नका. संध्याकाळी हा कागद पंचांपुढे ठेवला, की मी कोणी नाही."

"बरे. वाचा, सखाहरी."

नदीवरच्या बंधाऱ्यातून निघालेल्या या पाटाचे पाणी साऱ्या शिवाराला पाळीपाळीने मिळे. पाटाच्या तोंडाशी एक दगडी खांब होता. त्याची सावली पहिल्या खुणेवर आली की पाटाचे दार उघडायचे, दुसऱ्या खुणेवर आली की लावायचे. जवळचे शेत असो की दूरचे, माप एकच. बावीस वर्षे सखाहरीने हे माप सांभाळले होते. पाळी चालू असताना पाटकऱ्याने दार सोडायचे नाही, हा तिथला दंडक. त्याने तो असा पाळला होता, की पाळीच्या वेळी सख्ख्या बहिणीच्या लग्नालाही तो गेला नव्हता. अक्षता आटोपल्यावर नवरानवरीच दाराशी येऊन त्याच्या पाया पडली होती. ती गोष्ट गावात अजून सांगत.

आणि चार दिवसांपूर्वी, भरल्या पंचायतीत, शेवटच्या शेताची चिंधाबाई म्हणाली होती, की सखाहरीची सावली खरी असेल, पण तिचा निम्मा गहू उभ्याउभ्या वाळतो आहे.

पंच गप्प राहिले. त्यांचे ते गप्प राहणेच त्याला अधिक लागले.

म्हणून आज त्याने खुणेवर सावली येताच दार उघडले, मेव्हण्याला, उखाला, तिथे बसवले आणि दीड कोस चालत तो तकियावर आला. फकीर तरुणपणी एका दफ्तरात फारसी कागदांच्या नकला करीत असे; शब्दांची पारख त्याच्याइतकी पंचक्रोशीत कोणाला नव्हती.

सखाहरी वाचू लागला. आपल्या निष्ठेला एक पान, गावाच्या कृतघ्नतेला दोन, चिंधाबाईला उरलेली तीन.

"सावकाश," फकीर मध्येच म्हणाला. "ते तिसरे पान पुन्हा एकदा."

त्याने पुन्हा वाचले. वाचून संपले तेव्हा ओट्यावरची सावली आखडली होती.

"फिर्याद नेटकी आहे," फकीर म्हणाला.

"फिर्याद नव्हे, बाबा. इस्तिफा."

"हा शब्द कुठून आणलात?"

आजोबांच्या मोडी कागदांत सापडला, असे सखाहरीने सांगितले. 'राजीनामा' हल्ली कचेरीतला शिपाईसुद्धा लिहितो. शिवाय तो राजीखुशीचा कागद, आणि आपण राजी नाही. जुन्या शब्दाला वजन असते.

"असते. उचलून पाहिलेत का?"

"म्हणजे?"

"अरबीत 'अफ्व' म्हणजे माफी. ती मागणे, तो इस्तिफा. चाकर धन्यासमोर उभा राहून म्हणे: एवढे ओझे आता माझ्याने उचलवत नाही, मला माफ करा, मोकळे करा. शब्द अरबांकडून इराणात गेला, तिथून आपल्या दफ्तरांत आला. वाटेत माफी झिजली, सोडून जाणे तेवढे उरले."

सखाहरीने कागदाची घडी घातली.

"मी माफी कशाची मागू? बावीस वर्षांत एकदाही सावली चुकली नाही."

"मग मथळा खोडा."

"…आणि काय लिहू?"

 नखाने मनगटावरचा चिखल खरवडीत फकीर पाटाकडे पाहत राहिला.

सखाहरीनेही पाहिले. पाटाच्या भेगाळलेल्या तळातून मुंग्यांची रांग संथपणे पलीकडे चालली होती. पलीकडे आपल्या शेताच्या बांधावर चिंधाबाई फावडे टेकवून उभी होती. तिने त्याला पाहिले होते.

"उशीर झाला आज," तो पुटपुटला. "दार तर मी स्वतः उघडून आलो…"

"रोजच्याच वेळेला?"

"खुणेवर."

"हं."

आणखी बराच वेळ गेला. मग वरच्या वळणावर काहीतरी सरसरले. पालापाचोळा पुढे लोटीत, प्रत्येक भेगेशी थांबत, तिला पाजून मगच पुढे सरकत, बोटभर जाडीचे गढूळ पाणी आले. मुंग्यांची रांग तुटली.

बावीस वर्षे त्याने पाणी निघताना पाहिले होते. पोचताना आज प्रथमच पाहिले.

"आज पाटकरी पाण्याच्या आधी वाहत आला म्हणायचा," चिंधाबाई बांधावरून म्हणाली आणि फावड्याने वाफ्याचे तोंड फोडू लागली.

सखाहरीने मान खाली घातली. पायाशी त्याची स्वतःची सावली पडली होती. ती केवढी आखडली, की तिकडे खांबाची सावली दुसऱ्या खुणेवर येते, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? उखा प्रामाणिक माणूस. या घटकेला तो दार लावीत असणार. आता पाटात होते तेवढेच पाणी इकडे येणार होते.

…आठवड्याला एक पाळी. बावीस वर्षे.

तो उठला, पाटाच्या काठाशी गेला आणि चिंधाबाईसमोर उभा राहिला. सहा पाने लिहिणाऱ्या माणसाला दोन शब्द सापडेनात.

"चिंधाबाई… मला माफ करा."

तिने फावडे थांबवले, त्याच्याकडे निरखून पाहिले.

"माफीचं नंतर बघू, भाऊ. आधी ते दार उघड. आणि पुढच्या खेपेपासून पाळी इथं पाणी पोचल्यावर मोज."

सखाहरीने धोतराचा सोगा खोचला. दीड कोस; धावत गेले तर फार नाही. चार पावले गेल्यावर हातातला कागद त्याच्या ध्यानात आला. तो परतला.

फकीर काठाशी उकिडवा बसून हात धूत होता. कोपरापासून चिखल सुटून वाहत्या पाण्यात मिसळत होता.

"बाबा, आता मथळा खरा झाला. एवढा कागद ठेवून घ्या."

फकिराने दोन्ही तळवे वर करून दाखवले. बोटांवरून पाणी ठिबकत होते.

"हात ओले आहेत, पाटकरी."