गोगलगायींची पंगत

गोगलगायींवर संशोधन करणाऱ्या मृण्मयी खानोलकरांना पीएचडीसाठी पहिलीच विद्यार्थिनी घ्यायची होती. परवानगी देणाऱ्या समितीत नेमके बसले होते कर्करोगतज्ज्ञ डॉ. सबनीस.

"बाई, माझ्या शोधनिबंधांचा हवाला पाच हजार संशोधकांनी दिलाय. तुमचा फक्त सात जणांनी! कशाच्या जोरावर विद्यार्थिनी मागता?"

बाईंनी सावकाश चष्मा पुसला.

"सर, तुमच्या कर्करोगाच्या पंगतीला लाखो संशोधकांची पानं. त्यांतल्या पाच हजारांनी तुमच्याकडून वाढून घेतलं. गोगलगायींच्या पंगतीला जगात सातच पानं, आणि सातही जणांनी माझ्याकडून वाढून घेतलंय."

"म्हणजे पंगत ओसच की!"

"म्हणून तर आठवं पान मांडायला आलेय."

समितीच्या अध्यक्षांना हसता हसता चहाचा ठसका लागला. तो आवरताच त्यांनी परवानगीवर सही ठोकली. गोगलगायींचं काम इतक्या झटपट झाल्याचं त्यांच्या कुळात कुणी ऐकलेलं नाही!