तपेलीचा घाम

त्या मुलुखात भांडीच राहत असत आणि भांड्यांचे दोन देश होते. डोंगरापलीकडे घणाची सत्ता होती, अलीकडे कुलुपाची. घणाच्या देशात भांड्यांना ठोकले जाई. कुलुपाच्या देशात कुणालाही ठोकत नसत, आणि या गोष्टीचा त्या देशाला फार अभिमान होता.

तांब्याची एक तपेली डोंगर ओलांडून अलीकडे आली तेव्हा तिच्या अंगावर सात पोचे होते. घणाच्या कैदेतल्या भांड्यांना तिने चोरून पाणी पाजले होते. कुणाकुणाला पाजलेस, एवढेच घणाने विचारले होते. तिने सातांपैकी एकाचेही नाव सांगितले नाही. प्रत्येक न सांगितलेल्या नावाचा एक पोचा झाला.

कुलुपाच्या देशाचा कायदा सोपा होता. जखमी भांड्याने वेशीच्या आत राहावे, धड भांड्याने आपल्या देशी परत जावे. वेशीला लागूनच दुरुस्तीघर होते. तिथे एक जुनी लाकडी मोगरी पोचे काढत असे. सगळी भांडी तिला मावशी म्हणत.

मोगरीला दांडा होता आणि डोके होते. तपेलीने तिला पाहिले मात्र, ती भिंतीला जाऊन चिकटली आणि तिथून हलेना. मोगरीला हे नवे नव्हते. ती जमिनीवर आडवी झाली आणि अकरा दिवस तशीच पडून राहिली. ओसरीवर वाट पाहत बसलेला एक पत्र्याचा डबा तेवढा बडबडत होता.

"माझं झाकण तिकडंच राहिलं, ताई, म्हणून तोंड आवरत नाही," तो म्हणाला. "पण खरं सांगतो, तुम्हा दोघींकडे बघून मार नक्की कुणी खाल्लाय तेच कळेना झालंय."

तपेलीला हसू आले. डोंगर ओलांडल्यापासूनचे ते तिचे पहिले हसू. बाराव्या दिवशी ती आपणहून मोगरीजवळ सरकली.

त्या घराची एक रीत होती. पोचा कसा पडला हे भांड्याने सांगितल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, आणि बाहेरून कधीच ठोकायचे नाही. भांड्याच्या आत शिरून हळूहळू बाहेर रेटायचे. तपेलीने सातही पोच्यांची हकिकत सांगितली. जी नावे घणाला मिळाली नाहीत ती मोगरीला मिळाली. शेवटचा पोचा उरला तेव्हा मात्र तपेली थांबली. हाही गेला तर वेशीवर मी काय दाखवू, असे तिने विचारले.

"पोचा गेला तरी तिथला तांबा चिरलेला राहतो, पोरी," मोगरी म्हणाली. "तुझ्या सातही चिरा मला ठाऊक आहेत. वेशीवर मी सांगेन."

तपेलीने सातवा पोचा तिच्या हवाली केला.

पावसाळा सरल्यावर तिला वेशीवर बोलावणे आले. वेशीवरचे अधिकारी कुलूपराव आपल्या एका डोळ्याने तिला न्याहाळत राहिले.

"वा, तपेलीबाई, आरशासारख्या झालात की," ते म्हणाले. "आम्हीच तुमच्यात तोंड बघावं."

तिने चिरांचे सांगितले. कुलूपरावांनी ऐकून घेतले आणि नियमाप्रमाणे तिला काठोकाठ पाणी भरून उन्हात ठेवायला लावले. दुपारपर्यंत तिच्या अंगावर थेंब दिसू लागले. कुलूपराव बुचकळ्यात पडले. हे पाझरणे की घाम, ते त्यांना कळेना. गार पाण्याने तांब्याला घाम येतो, एवढे त्यांनी ऐकले होते. म्हणून त्यांनी मोगरीला बोलावून घेतले.

मोगरी आली. त्याच आठवड्यात राजधानीहून थोरली किल्ली दुरुस्तीघर पाहायला यायची होती. ज्या घरातून निघालेली भांडी पाझरतात ते घर बंद करायचे, असा तिचा हुकूम होता, आणि ओसरीवर अजून चाळीस भांडी बसलेली होती. मोगरीने त्या चाळिसांचा विचार केला. आपल्या नावाचाही केला. कोणता आधी केला, हे तिचे तिलाच माहीत.

"गार पाणी आहे," ती म्हणाली. "घाम आहे तो."

तपेली मोगरीकडे वळली. मग हळू आवाजात म्हणाली, "घाम सगळ्या अंगाला येतो, मावशी. हे सातच जागी आहे."

मोगरीने जमिनीकडे पाहिले. कुलूपराव उत्तरासाठी थोडा वेळ थांबले. मग उन्हाचे फार थांबवेना, म्हणून त्यांनी निकाल दिला. त्यांच्या कारकुनाने दप्तरात लिहिले, 'तपेली. धड. काठोकाठ भरून रवाना.' एखाद्या भांड्याला रिकामे परत पाठवणे त्या देशात अशुभ मानत.

तपेलीने मागे वळून पाहिले नाही. डोंगराकडे जाणारा रस्ता पांढऱ्या मऊ धुळीचा होता. त्यावरून ती सावकाश चढत गेली आणि वळणाआड दिसेनाशी झाली.

कुलूपराव जेवायला गेल्यावर मोगरी वेशीबाहेर आली. वेशीच्या दगडापासून वळणापर्यंत धुळीत एक ओली रेघ उमटली होती. ओसरीवरची भांडी मान उंच करून तिकडेच पाहत होती. मोगरी खाली वाकली आणि रस्त्याच्या कडेची कोरडी धूळ त्या रेघेवर लोटू लागली. ती लोटत पुढे सरकत होती, आणि तिच्या मागे टाकलेली धूळ पुन्हा ओली होत होती.