तिवरमावशीचा चिखल

फार मागे, खाडीला नाव पडायच्याही आधी, तिच्या काठावर कांदळबाई आणि तिवरमावशी ही खारफुटीची दोन झाडं शेजारी राहायची. तिवरमावशीची मुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली. कांदळबाईला त्यांची किळस यायची. अंगावरच बी रुजून वाढलेली पोरं खाली सोडताना तिने प्रत्येकाला बजावलं, "त्या घाणीत पडू नका. पलीकडच्या स्वच्छ वाळूत जा."

पोरं शहाण्यासारखी वाळूत उतरली. ओहोटीने एकूण एक ओढून नेली. फक्त एक वेंधळं पोर तिवरमावशीच्या मुळांत अडकलं, ते तेवढं वाचलं.

कांदळबाईची मान वर होईना. "मावशी, मी पोरांना काय सांगितलं, ते ऐकलंत तुम्ही?"

"ऐकलं की," तिवरमावशी म्हणाली. "पण ह्या पोराला त्याची आठवण करून देऊ नकोस. अजून ह्याच चिखलात मुळं धरायचीत त्याला."