हैबती वस्तादांचा दगड

एकदा एक ट्रकचालक होता, आणि त्याच्या ट्रकमध्ये एक दगड होता.

चालकाचे नाव हैबती. पण घाटाच्या दोन्ही अंगांना लहानथोर सारे त्यांना वस्ताद म्हणत. देशावरचा गूळ कोकणात उतरवायचा आणि येताना जांभ्याचे चिरे भरून वर चढायचे, हे काम त्यांनी चाळीस वर्षे केले होते. दगड काळाभोर, कलिंगडाएवढा, एका बाजूने सपाट. चालकाच्या शेजारच्या सीटपुढे, पायाशी, गोणपाटाच्या घडीवर तो बसलेला असे. घाटात गाडी दोन मिनिटे जरी थांबली तरी वस्ताद तो दगड दोन्ही हातांनी खाली नेत, चाकाला लावत, आणि निघताना उचलून, फडक्याने पुसून पुन्हा जागेवर ठेवत. आता घाटात दगडांना काय तोटा? हात लांब केला की दगड. तरी वस्तादांना चाले तो हाच.

ढाब्यावरचे चालक चेष्टा करत. कोणी म्हणे, वस्तादांनी ट्रकात देव बसवलाय. कोणी त्याला शेंदूर लावून द्यायला तयार असे. वस्ताद हसत आणि चहा पीत. चेष्टेला उत्तर द्यायलाच हवे असे त्यांना कधी वाटले नाही. मला स्वतःला हा गुण पन्नाशी उलटून गेली तरी साधलेला नाही.

त्यांचा शिष्य जोतिराम. शिष्य म्हटल्यावर मठ, दर्भासन, मुंडन असे काही डोळ्यांपुढे आणू नका. चोवीस वर्षांचा तरतरीत गडी, खिशात लायसन, केसांना तेल. सपाटीवर दोन वर्षे तोच ट्रक चालवीत होता. घाट सुरू झाला की मात्र स्टेअरिंग वस्तादांकडे जाई. वस्तादांची दृष्टी आता अधू होऊ लागली होती आणि दिवाळीनंतर ते घरी बसणार होते. मालकाने शब्द दिला होता की, ज्या दिवशी वस्ताद ‘हो’ म्हणतील त्या दिवसापासून हा ट्रक जोतिरामच्या हाती. जोतिराम त्या एका ‘हो’ची चातकासारखी वाट पाहत होता, आणि तो काही येत नव्हता.

कारण उघड होते. जोतिरामला वेगाची नशा होती. मालकाची रिकामी जीप त्याने एकदा चाळीस मिनिटांत घाटाखाली आणली होती, आणि ही कथा तो ढाब्यावर तिखटमीठ लावून सांगे. वस्तादांनीही ती एकदा शांतपणे ऐकून घेतली आणि एवढेच विचारले, “मागं काय राहिलं, बघितलंस का?” जोतिरामला प्रश्नच समजला नाही. त्याच्या शेजारी बसून वस्तादांनी दोन वर्षांत एकदाही डोळा मिटला नव्हता, हे मात्र त्याला चांगले समजत होते आणि लागतही होते.

एके दिवशी गूळ भरून दोघे निघाले. घाटमाथ्यावर जोतिरामचा फोन वाजला. त्याची बायको पहिल्या बाळंतपणासाठी घाटाखालच्या गावी माहेरी गेली होती. सकाळी मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत, असा निरोप आला. जोतिराम फोन हातात धरून तसाच उभा राहिला. वस्तादांनी डब्यातला गुळाचा खडा त्याच्या तोंडात घातला, आणि मग गाडीची किल्ली त्याच्या हातावर ठेवली. नेमक्या त्याच दिवशी त्यांनी असे का केले, हे मला सांगता येणार नाही. लेकीचे तोंड पाहायला निघालेला बाप जपून जाईल, असे कदाचित त्यांना वाटले असेल. शहाण्या माणसांचेही अंदाज चुकतात.

पहिली चार वळणे जोतिरामने उत्तम घेतली. मग त्याचे मन गाडीच्या पुढे धावू लागले. उतारावर खालचा गिअर सोडून तो नुसत्या ब्रेकवर गाडी आणू लागला, आणि थोड्याच वेळात जळका वास सुटला. वस्तादांनी झऱ्यापाशी गाडी थांबवायला लावली. दगड चाकापुढे बसला. ब्रेक निवेपर्यंत पंधरा मिनिटे गेली, आणि ती जोतिरामला पंधरा वर्षांसारखी वाटली. नाक कुणावर गेले असेल, रंग कसा असेल, हाच विचार त्याच्या डोक्यात होता.

वस्ताद झऱ्यावर पाण्याचा कॅन भरून आले आणि दुखऱ्या गुडघ्यांनी कसेबसे गाडीत चढले. तेवढ्यात जोतिरामने गाडी वीतभर मागे घेतली, स्टेअरिंग फिरवले आणि दगडाला वळसा घालून निघाला. उतरायचे, उचलायचे, पुसायचे, ठेवायचे, एवढे कोण करत बसणार? घाटात दगड काय कमी आहेत, असे तो मनाशी म्हणाला. तो विसरला असता, तर मी त्याला लवकर क्षमा केली असती. पण तो विसरला नव्हता.

वस्ताद कॅन नीट बसवण्यासाठी खाली वाकले, तर पायाशी नुसते गोणपाट होते. नेमके त्याच वेळी जोतिरामने एक आंधळे वळण सगळा रस्ता व्यापून घेतले. समोरून एक मोटारसायकल वर चढत होती, मागे भली मोठी पेटी बांधलेली. हॉर्न वाजला, मोटारसायकल डांबर सोडून खडीवर गेली, आणि मग आरशात फक्त धूळ दिसली. जोतिरामने पुन्हा आरशात पाहिले नाही. वस्तादांना यातले काहीच दिसले नव्हते.

“जोत्या, दगड राहिला,” ते म्हणाले. “गाडी कडंला घे.”

थांबण्याजोगी रुंद जागा दीड किलोमीटर खाली मिळाली. जोतिराम काकुळतीला आला. दुसरा दगड आणतो, पाहिजे तर पाथरवटाकडून घडवून आणतो, पण आज पोरीचे तोंड बघू द्या, असे त्याने परोपरीने सांगितले. वस्ताद रागावले नाहीत. त्यांनी रस्त्याकडेचे दोन दगड चाकांना लावले, डोक्यावर टॉवेल घेतला आणि भर दुपारी चढ चढू लागले. भरलेला ट्रक त्या रस्त्यावर वळणे शक्यच नव्हते.

जोतिराम रागाने सीटवरच बसून राहिला. पण गाडीच्या आरशाला त्याच्या रागाशी काय देणेघेणे? त्यात म्हातारे वस्ताद दिसत होते. वीस पावले चालत होते, गुडघ्यांवर हात ठेवून थांबत होते, पुन्हा चालत होते. त्याला ते पाहवेना. तो उतरला आणि धावत त्यांच्यापाशी गेला.

चालता चालता वस्तादांनी त्याला दगडाची गोष्ट सांगितली. तीस वर्षांपूर्वी ते असेच घाईत होते. चढावर गाडी बंद पडली, चाकामागे हाताला आला तो दगड लावला, गाडी सुरू झाल्याबरोबर निघून गेले. दुसऱ्या दिवशी परतताना त्याच जागी मोटारसायकलच्या दिव्याची काच पडलेली होती, हिरव्या बांगड्यांचे तुकडे होते आणि दगड हातभर सरकलेला होता. दोन महिने त्यांनी वरच्या-खालच्या गावांत चौकशी केली. कोणी म्हणाले जखमी जोडप्याला वर नेले, कोणी म्हणाले खाली नेले. पत्ता लागला नाही.

“ती बाई जगली का गेली, मला अजून ठावं न्हाई,” वस्ताद म्हणाले. “मग त्योच दगड उचलून गाडीत घातला. रस्त्यावरचा दगड माणूस रस्त्यावरच सोडून जातंय, जोत्या. आपला असला की उचलतंय. म्हणून त्याला आपला केला.”

ते आंधळे वळण आता जवळ आले होते, आणि तिथे काय दिसेल याची कल्पना दोघांपैकी फक्त त्याला होती. वळण आले. डांबरावर उन्हात हिरव्या बांगड्यांचे तुकडे चमकत होते.

वस्ताद जागच्या जागी थांबले. त्यांचा हात चाचपडत कठड्याकडे गेला आणि ते मटकन खाली बसले. जोतिराम जिवाच्या आकांताने पुढे धावला.

डोंगराच्या अंगाला कोरड्या गटारात मोटारसायकल आडवी पडली होती. शेजारी पन्नाशीचा एक गृहस्थ मांडी घालून बसला होता आणि पुढ्यातल्या उघड्या पेटीतून फुटक्या बांगड्या बाजूला काढत होता. तो कासार होता. वरच्या गावात लग्नघरी चुडा भरायला निघाला होता. कोपर सोलवटले होते, बाकी अंगावर ओरखडा नव्हता. धावत येणारा माणूस मदतीलाच आला आहे असे समजून त्याने आधी पाणी मागितले, आणि मग आपण होऊनच हकिकत सांगितली. कुठल्याशा ट्रकवाल्याने अंगावर गाडी घातली होती. नंबर काही दिसला नव्हता.

“तोंडात शिवी आली हुती,” कासार म्हणाला. “मग म्हटलं, असंल त्याच्या घरी काहीतरी. न्हाईतर एवढं कोण पळतंय?”

एखाद्याने कानशिलात भडकावली असती तर जोतिरामला ते सोपे गेले असते. तो खाली मान घालून उभा राहिला.

तेवढ्यात वस्ताद येऊन पोहोचले. त्यांनी बसलेला, बोलणारा, जिवंत माणूस पाहिला, आणि त्याच्यापुढे बसून त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. ते रडू लागले. कासार गोंधळला. मामा, मला काही झालेले नाही, नुसते कोपर खरचटले आहे, असे तो पुन्हापुन्हा सांगू लागला. वस्ताद हात सोडीनात. तीस वर्षे जो हात मनातून गेला नव्हता तो हा नव्हे, हे त्यांना कळत होतेच. पण त्या घाटात पडलेले कोणीतरी उठून बसलेले त्यांना आज दिसत होते.

जोतिरामला आता गप्प राहणे अशक्य झाले.

“त्यो ट्रकवाला मीच,” तो म्हणाला.

कासाराने त्याच्याकडे निरखून पाहिले. “मग? काय हुतं घरी?”

“लेक झालीया. सकाळी.”

कासार पेटीत हात घालून तळाशी काहीतरी शोधू लागला. त्याने कागदाची एक पुडी काढली. तीत तान्ह्या बाळाच्या हातातल्या दोन काळ्या बांगड्या होत्या, अंगठ्यात जातील एवढ्याशा. “ह्या शाबूत ऱ्हायल्यात. घाल तिच्या हातात, दिष्ट लागायची न्हाई.”

जोतिरामचा हात पुढे होईना. वस्तादांनी “घे” म्हटले तेव्हा त्याने पुडी घेतली आणि कपाळाला लावली.

मग तिघांनी मिळून मोटारसायकल वर काढली. जोतिरामने रस्त्यावर बसून एकेक तुकडा आपल्या रुमालात वेचला. किती फुटल्या, असे तो पुटपुटला, तेव्हा कासाराने त्याला टोकले. बांगड्या फुटल्या म्हणत नाहीत, वाढल्या म्हणतात, एवढेही ठाऊक नाही आणि म्हणे लेकीचा बाप झाला. तिथे पहिल्यांदा तिघेही हसले. मोटारसायकल सुरू झाली. कासार निघणार, एवढ्यात जोतिराम आडवा गेला आणि वर झऱ्यापाशी रस्त्यात एक काळा दगड आहे, जपून जा, असे त्याने सांगितले. तोही आपणच सोडला आहे, हेही सांगितले. कासाराने मान डोलावली आणि सावकाश वर गेला.

दोघे झऱ्याकडे चढू लागले. वाटेत वस्ताद म्हणाले, “चाळीस मिनिटांत उतरणाऱ्याला घाट दिसतो, जोत्या, घाटातली माणसं दिसत न्हाईत. आपण ज्याला पाडतो त्याचं तोंड आपल्याला दिसत न्हाई, कारण तवर आपण पुढच्या वळणावर असतो. ज्याला वाचवतो त्याचंबी दिसत न्हाई, त्यो आपल्या वाटंनं निघून जातो. तुला आज एकाचं तोंड दिसलं. ते ध्यानात ठेव. मला तीस वर्षं नुसत्या बांगड्याच दिसत हुत्या.”

दगड होता तिथेच होता. जोतिरामने तो खांद्यावर घेतला आणि ट्रकपर्यंत एकदाही खाली ठेवला नाही. गाडीत गोणपाटाची घडी सारखी करून, दगड फडक्याने पुसून त्याने जागेवर बसवला. चाकांना लावलेले रस्त्याकडेचे दोन्ही दगड उचलून गटारापलीकडे टाकले. मग काळ्या बांगड्यांची पुडी वरच्या खिशात ठेवली आणि खालच्या गिअरमध्ये गाडी सोडली.

ऊन कलले होते. लेक अजून सात वळणे खाली होती. प्रत्येक वळणाआधी तो गाडी हळू करी, हॉर्न देई, आपल्या बाजूने जाई. दोन-तीन गाड्या त्याला मागे टाकून भर्रकन गेल्या. त्यातल्या एकाने खिडकीतून हात काढून चेष्टाही केली. जोतिरामला राग आला नाही. त्याने त्या गाडीसाठी मनातल्या मनात काळजी केली, आणि अशी काळजी आपल्याला वाटते याचे त्यालाच नवल वाटले.

चौथ्या वळणानंतर त्याला काहीतरी विचारायचे होते म्हणून त्याने शेजारी पाहिले. वस्तादांची मान खिडकीकडे कलली होती. टॉवेल मांडीवर घसरला होता, पाय दगडाला टेकले होते, आणि ते गाढ झोपले होते.

जोतिराम ज्या ‘हो’ची दोन वर्षे वाट पाहत होता, तो हा. त्याचे डोळे भरून आले. त्याने ते बाहीने पुसले, कारण पुढचे वळण स्पष्ट दिसायला हवे होते, आणि झोपलेल्या माणसाची मान हलू नये इतक्या हळुवारपणे ते घेतले.

आपल्या शेजारी बसून कोणी निर्धास्त झोपू लागले, की खुशाल समजावे, आपल्याला आता गाडी चालवता येते.