रवळनाथाचा कौल

विसाजी खोतांना झऱ्याचं पाणी खालच्या वाडीकडून वळवून आपल्या पोफळीच्या बागेत न्यायचं होतं. लोक ओरडतील म्हणून त्यांनी रवळनाथाला कौल लावला. गुरवाने मूर्तीवर ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. डावं पडलं. "पुन्हा लाव," खोत म्हणाले. पुन्हा डावंच. असं करता करता दुपार कलली, तेव्हा कुठे एकदाचं उजवं पडलं.

खोतांनी हात जोडले. "वाडीने तहानेने तळमळावं, ही देवाचीच इच्छा. माझ्या हातात काय आहे?"

खालच्या वाडीची येसूवहिनी रिकामी कळशी घेऊन पायरीवर बसली होती. बिचारा देव सकाळपासून 'नाही' म्हणतोय आणि खापर त्याच्याच माथी, हे काही तिला सोसवेना.

"खोत, 'पुन्हा लाव' कोण म्हणालं?"

"तेही देवानेच वदवलं. माणसाला कुठे स्वतःची इच्छा असते?"

"असं होय? मग आता तो माझ्या तोंडून वदतोय. गुरवदादा, पुन्हा लावा."

गुरवाने फूल उचललं, तसा खोतांनी त्याचा हात धरला. "नको, नको!"

येसूवहिनीने गोड आवाजात विचारलं, "आणि हे 'नको' कुणाचं हो, खोत?"

खोतांनी गुरवाचा हात सोडला आणि ते देवळाच्या पायऱ्या उतरून घरी गेले. झऱ्याचं पाणी अजून खालच्या वाडीलाच जातं.