मोरी उघडणारा हात

डोंगराच्या कुशीत एक गाव होतं, आणि त्या गावात न्याय करून करून थकलेली एक बाई होती. तिचं नाव सुंद्राबाई. ती पाटलीण नव्हती, शास्त्र शिकलेली नव्हती. ती गावची सुईण. गावातल्या तीन पिढ्या तिच्या हातात जन्मल्या, त्यामुळे तिचा शब्द मोडायला कुणाची जीभ रेटत नसे. भांडण झालं की लोक म्हणत, "चला मावशीकडे."

तरुणपणी ती दोन्हीकडचं सगळं ऐकून घ्यायची. मग गुडघे दुखायला लागले, झोप उडाली, आणि ऐकण्याचा कंटाळा आला. तिनं एक सोपी रीत धरली. ज्याच्या हातून नुकसान झालं तो दोषी, ज्याच्या हातून भलं झालं तो चांगला. मनात काय होतं ते विचारत बसायचं नाही. निवाडा लवकर व्हायचा आणि तिला भिंतीला टेकून बसता यायचं.

एका भाद्रपदात चार दिवस पावसानं उसंत दिली नाही. गावाच्या वर मोठं तळं होतं. त्याच्या बंधाऱ्याला खाली एक मोरी, मोरीला जाड फळी. पाणी फार चढलं की ती फळी पहारीनं उचलायची, हे राखणदाराचं काम. राखणदार होता रायाजी, पन्नाशीचा, अबोल माणूस.

पाचव्या दिवशी दुपारी पाणी बंधाऱ्याच्या माथ्यापासून टीचभर खाली राहिलं. बंधारा फुटला असता तर अख्खं गाव वाहून गेलं असतं. रायाजीनं फळी उचलली. मोरीचं पाणी ओढ्यातून खालच्या आळीत शिरलं. कुंभाराची भट्टी ढासळली, वर्षभराची मडकी गेली, चार घरांच्या भिंती बसल्या.

तासाभरात पाऊस थांबला. तेव्हा लोकांना दिसलं, की बंधाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी चर खणलाय आणि तळ्याचं बरंचसं पाणी तिकडून निघून गेलंय. चर खणला होता त्याच बाजूला शेत असलेल्या हैबतीनं, मोरी उघडायच्या थोडं आधी. ते पाणी त्याच्या चुलत भावाच्या उसात घुसलं होतं, पण एका शेताचं दुःख गाव वाचल्याच्या आनंदात कुणाला दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे सुंद्राबाईच्या ओसरीपुढे जमले.

"मावशी, हैबतीनं गाव वाचवलं," एक जण म्हणाला. "रायाजीनं उगाच मोरी उघडून खालची आळी बुडवली. त्याला गावाबाहेर काढा आणि तळ्याची राखण हैबतीला द्या."

रायाजी एका बाजूला चिखलानं माखलेल्या पायांनी उभा होता. हैबती पुढे बसला होता. कुणीतरी त्याच्या खांद्यावर नवं उपरणं टाकलं होतं.

सुंद्राबाईला वाटलं, बरं झालं, सोपं आहे. एकाच्या हातून नुकसान, दुसऱ्याच्या हातून भलं. दोन वाक्यांत उरकेल. ती बोलणार, एवढ्यात तिला पूर्वीची एक बाई आठवली. मेंढपाळाची बायको. तिच्या हातातल्या दिव्यानं गवताची गंजी पेटली म्हणून सुंद्राबाईनंच तिला गाव सोडायला लावलं होतं. दिवा घेऊन ती तिथे का गेली होती हे कुणी विचारलं नाही. शेजाऱ्याचं हरवलेलं वासरू शोधायला गेली होती, हे पुढे दोन वर्षांनी कळलं. तोवर ती कुठे गेली ते सांगायलाही कुणी उरलं नव्हतं.

सुंद्राबाईनं डोळे मिटले. गुडघे ठणकत होते. तिनं डोळे उघडून विचारलं, "रायाजी, मोरी का उघडलीस?"

"पाणी माथ्याला आलं होतं, मावशी."

"हैबतीचा चर दिसला नाही?"

"दुसऱ्या टोकाला होता. पावसात हातभरावरचं दिसत नव्हतं."

"आणि खालची आळी बुडेल हे ठाऊक होतं?"

"होतं," रायाजी म्हणाला.

तेव्हा मागून कुंभारीण उठली. सकाळपासून ती रायाजीला शिव्याच देत होती. "खोटं कशाला बोलू," ती म्हणाली. "मोरी उघडण्याआधी हा धावत आला होता. दारं बडवून सगळ्यांना चढावर जायला सांगितलं. माझ्या सासूला पाठीवर घेऊन वर नेलं. शेरडं सोडली. मग वर गेला. भट्टी गेली माझी, पण माणूस एक गेलं नाही."



सुंद्राबाईनं काठी मागितली. "आता हैबतीचा चर बघायचाय."

"मावशी, चढ आहे, चिखल आहे. कशाला त्रास घेता?" हैबती घाईनं म्हणाला.

तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि ती पायऱ्या उतरली. दोघा पोरांच्या आधारानं, चार ठिकाणी थांबत ती बंधाऱ्याच्या टोकाशी पोचली; रायाजी आणि हैबतीसह सगळं गाव मागून आलं. चर खोल होता. नशिबानं खाली कातळ लागला म्हणून तो रुंदावला नव्हता, नाहीतर त्याच जागी बंधारा फुटला असता. पलीकडे चुलत भावाचा ऊस आडवा झोपला होता. त्याला लागून हैबतीचं शेत, आणि त्यात पाण्याचा थेंब शिरला नव्हता. कारण त्याच्या कडेनं पाणी अडवायला मातीची नवी ताल, छोटा बांधच, घातलेली होती. तिच्यावर गवताचे कोंब बोटभर वाढले होते.

सुंद्राबाई खाली वाकली, ते कोंब हातानं चाचपले. "ही ताल पंधरा दिवसांची तरी असेल. ही झड लागायच्या आधीची. पाणी इकडे येणार हे तुला तेव्हा कसं कळलं, हैबती?"

हैबतीची मान खाली गेली. तसाच तो म्हणाला, "माझा चुलत भाऊ दर वर्षी हद्दीचा दगड हातभर सरकवतो, मावशी. मी किती सोसायचं? एकदा त्याचं पीक बुडवायचंच, असं ठरवलं होतं." मग वर बघून म्हणाला, "पण गाव वाचलं ना?"

"वाचलं. तुझ्या हातून वाचलं. तुझ्या मनात गाव नव्हतंच."

"मी तुमच्याकडे दोनदा आलो होतो," हैबती हळूच म्हणाला. "तुम्ही म्हणालात, पुढच्या आठवड्यात बघू."

सुंद्राबाई तिथेच ओल्या दगडावर बसली. ते खरं होतं. दोन्ही वेळा तिला उठायचा कंटाळा आला होता.

"तेवढी चूक माझी," ती म्हणाली. "उद्या मी स्वतः येऊन हद्द मोजते, आणि दगड सरकला असेल तर तुझ्या भावाला तो मागे घ्यायला लावते. पण हा ऊस तू बुडवलास. नवी लागण तू तुझ्या हातानं करून द्यायची. आणि तळ्याची राखण तुला मिळणार नाही. या खेपेला कातळ आडवा आला, दर खेपेला येणार नाही."

हैबतीनं खांद्यावरचं उपरणं काढलं आणि ज्यानं घातलं होतं त्याच्या हातात दिलं.

"आणि रायाजी," सुंद्राबाई वळली, "नुकसान खरंच झालंय. ते झालं नाही असं मी म्हणणार नाही. भट्टी आणि भिंती सगळं गाव मिळून बांधेल, तूही माती वाहशील. पण ती शिक्षा म्हणून नाही. राखण तुझ्याकडेच राहील."

रायाजीनं मान हलवली. "नको, मावशी. आज पहाटे माझी बायको विहिरीवर पाण्याला गेली तर खालच्या आळीतल्या बायकांनी तिला रांगेतून बाहेर काढलं. पुन्हा पाणी चढलं तर माझा हात धजायचा नाही. मी फळी धरून नुसता उभा राहीन. मग बंधारा फुटेल, पण दोष तरी पावसाचा असेल."

सगळे ऐकत होते. जो तो मनात त्या फळीशी उभा राहून पाहत होता.

"तेच," सुंद्राबाई थकलेल्या आवाजात म्हणाली. "पुढच्या वेळी तुझा हात धजावा, म्हणून मी हे दुखरे गुडघे घेऊन इथवर आले."

"बरं, मावशी," रायाजी तळ्याकडे बघत म्हणाला. मग त्यानं वाकून तिला हात दिला, उठवलं, आणि तिचा हात धरून सावकाश उतार उतरू लागला. त्यांच्या मागून, दोन पावलांवर, कुंभारीण चालत होती.

तात्पर्य काढायचं तर एवढंच: हातून काय घडलं ते बसल्या जागेवरून दिसतं, मनात काय होतं ते शोधायला उठून चालावं लागतं. तेवढं चालायचा कंटाळा करून जो निवाडा देतो, तो चांगल्या माणसाचा हात कायमचा आखडून टाकतो.