पाण्याची दुसरी वाट

त्या राज्यात पाणी एकाच वाटेने येत असे. डोंगरातल्या तळ्यापासून एक दगडी पन्हळ खाली उतरे आणि वस्तीच्या मधोमध असलेल्या कुंडात रिकामी होई. ससे, मुंगसे, भेकरे, सगळी त्याच कुंडावर पीत. ती वाट राखण्याचे काम पाणीखात्याकडे होते आणि पाणीखाते ढालोजी नावाच्या म्हाताऱ्या कासवाकडे.

खात्यात लव्हाळी नावाची एक पाणमांजरी होती. रोज सकाळी तळ्यात बुडी मारून पन्हळीचे तोंड साफ करायचे, एवढेच तिचे काम. पण एवढ्यावर थांबणे लव्हाळीला जमत नसे. ती तळाशी जाऊन चिखल चाचपे, निरनिराळ्या खोलीवरचे पाणी चाखे आणि काही वेगळे आढळले की सांगायला धावत सुटे. त्या वर्षी तर तिला उसंतच मिळाली नाही. शेवाळ दोन महिने आधीच धरले होते. तळाचे पाणी कोमट लागत होते. पाऊस महिनाभर फिरकत नसे आणि मग सगळा एका दिवसात ओतून मोकळा होई.

"आबा, तळ्याची रीत बदललीय!" ती ओल्या अंगानेच ढालोजीसमोर येऊन उभी राहिली. "आपल्याला दुसरी वाट हवी. पलीकडच्या कपारीत झरा आहे. मी आत शिरून पाहून आले. गार, काचेसारखं पाणी!"

"लव्हाळे, ऐंशी पावसाळे पाहिलेत मी," ढालोजी म्हणाला. "पन्हळ एकदाही अडली नाही."

"ते ऐंशी खरेच आहेत, आबा. पण पुढचा तुम्हीही पाहिलेला नाही."

ढालोजीने मान कवचात ओढून घेतली. आतून आवाज आला, "खणा. पण माझ्या पन्हळीला हात लावायचा नाही."

लव्हाळीला तेवढे पुरे होते. तिने गोंदाजी साळिंदराला गाठले, कारण खणण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. "प्यायला तोंड एकच, मग वाटा दोन कशाला?" तो कुरकुरत आला. पण कपारीतले पहिले थेंब नाकावर पडले तसा तो गप्प झाला, आणि मग त्याला थांबवणे अवघड झाले. हळूहळू ससेही माती ओढायला आले. ज्या दुपारी झऱ्याची बारीक धार कुंडात येऊन पडली, त्या दुपारी लव्हाळीने आनंदाने स्वतःभोवती इतक्या गिरक्या घेतल्या की ती धडपडून कुंडातच पडली.

झरा लहान होता. रोज वापरला असता तर आटला असता. म्हणून त्याच्या तोंडाशी लाकडी दट्ट्या ठोकून ठेवला. काहींनी विचारले, वापरायचेच नव्हते तर खणले कशाला? लव्हाळी फक्त आभाळाकडे बघे.

पावसाळ्याच्या मध्यावर तीन दिवस संततधार लागली आणि चौथ्या सकाळी अर्धा कडा तळ्यात कोसळला. लव्हाळी तेव्हा पाण्यातच होती. लाल गाळाचा लोट पन्हळीकडे वळताना तिने पाहिला आणि ती उतारावरून जवळजवळ घरंगळतच खाली आली.

"आबा, दरड तळ्यात आली! पन्हळ बंद करा, मी झरा सोडते!"

ढालोजी पन्हळीकडे पाहत राहिला. तिला झाकण नव्हते. ती बंद करण्याची वेळ येईल असे कधी कोणाच्या मनातच आले नव्हते. खाली कुंडाच्या काठावर तान्ही पिल्ले घेतलेल्या सशिणी उभ्या होत्या.

मग म्हातारा पन्हळीच्या काठाशी आला. तो पन्हळीत उतरला, आडवा वळला आणि चारही पाय दगडात रोवून त्याने आपल्या कवचाने ती वाट गच्च बुजवली. पुढच्याच क्षणी गाळ त्याच्या पाठीवर आदळला.

"बघत काय राहिलीस?" तो ओरडला. "सोड तुझा झरा!"

लव्हाळीने दातांनी दट्ट्या उपसला. गार पाण्याचा लोंढा तिच्या मिशांवरून उसळला, गोंदाजीच्या चरातून धावला आणि कुंडात खळाळून पडला. नितळ! एका पिल्लाने वाकून जीभ लावली, आणि सगळी वस्ती एकदमच ओरडू लागली.

गोंदाजीने दगडमाती रचून पन्हळ पक्की बंद केली, तेव्हा कुठे ढालोजीला बाहेर काढता आले. गळ्यापर्यंत लाल झालेला तो म्हातारा कुंडाशी आला आणि एक घोट प्याला.

"गार आहे," तो म्हणाला. लव्हाळीला वाटले, आता तो विसावेल. पण त्याने मान लांब करून समोरच्या उघड्या खडकाकडे पाहिले. "हा पाऊस पुढच्या वर्षी आलाच नाही, तर एवढासा झरा किती दिवस पुरेल गं?"

"तीन आठवडे, आबा," लव्हाळी म्हणाली. तिचे डोळे चमकू लागले होते.

ढालोजी त्या खडकाकडे चालू लागला. त्याच्यामागे ती, तिच्यामागे गोंदाजी, मग ससे, मुंगसे, भेकरे. वर आभाळ फाटल्यासारखे कोसळत होते, आणि त्या धो धो पावसात, अंगावरून पाणी निथळत असताना, सगळी वस्ती दुष्काळासाठी पाण्याचे टाके खणू लागली.